नानांचा ओटा

आमच्या धुळ्याच्या बँकेचे चेअरमन असूनही नाना कधी सरळ बँकेत शिरले नाहीत. आधी बाहेरच्या ओट्यावर बसायचे, चपला काढायचे, टोपीने वारा घ्यायचे आणि शेजारी असेल त्याला पिकापाण्याचं विचारायचे. आत मॅनेजर सह्यांसाठी ताटकळत बसलेला. मी तेव्हा क्लार्क होतो आणि नानांना आत आणायची कामगिरी माझ्याकडे असे. ते मलाच खाली बसवून घेत. सांगत, "पहिले माणूसले टेकू द्या, मंग बँकमा ठेव टेकी."

बँक सुरू झाली ती गल्लीतल्या बियाण्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांत. तिथे जिना होता, ओटा नव्हता. दोंडाईच्याकडून आलेली म्हातारी माणसं उन्हात उभी राहत, ते नानांच्या मनाला फार लागलं. म्हणून चौकातली दगडी इमारत उभारताना त्यांनी आधी ओटा बांधून घेतला. छप्पर पडायच्या आत त्यावर गप्पा रंगू लागल्या होत्या.

पुढे बँक वाढली आणि तिसरी इमारत ठरली, सगळी काचेची. नकाशात ओटा नव्हता. आत सोफे आहेत, एसी आहे, अशी संचालकांनी समजूत काढली. मातीच्या पायांनी त्या सोफ्यावर कोण बसणार, एवढंच नाना विचारत राहिले. पण वय झालेल्या माणसाचं कोण ऐकतो?

उद्घाटनाला फीत कापायची वेळ आली आणि नाना सापडेनात. ते दाराबाहेर घोंगडी अंथरून बसले होते, भोवती शेतकरी. कात्रीचं तबक तिथेच नेलं. नाना शांतपणे म्हणाले, "ओटा नही, ते बँक नही, दुकान शे. दुकाननी फीत मी कापत नही."

चेअरमनची फीत दुसरा कोण कापणार? ती तशीच राहिली आणि मॅनेजरसकट आम्ही सगळे मागच्या दाराने ये-जा करू लागलो. शेवटी संचालकच कंटाळले. ओटा झाला, त्यावर बसूनच नानांनी फीत कापली.

नाना गेले तेव्हा त्यांचा फोटो आतल्या हॉलमध्ये लावायचं ठरलं. त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, "एसीमा त्यास्ले सर्दी व्हई. बाहेर लावा."

फोटो ओट्यावर लागला, तोही खाली, बसलेल्या माणसाच्या डोक्याशी. काचेला सगळ्यांच्या केसांचं तेल लागतं आणि शिपाई कुरकुरत पुसतो. निवृत्त झाल्यावर परवा मी तिथे गेलो. नानांची फार आठवण आली. आत काम होतं, तरी चपला काढून टेकलो. शेजारी एक आजोबा येऊन बसले. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, पण रुमालाने वारा घेत मी त्यांना विचारलं, "आबा, यंदा कपाशी कशी आहे?"