तिच्या नावाचा पतंग

शेजारपाजारचे त्यांना पतंगकाका म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थांना पतंग उडवायचा नाद असेल. मग कुणीतरी सांगायचं, कागदाचे नव्हेत हो, दिव्यावर झेपावतात ते. काका संग्रहालयात त्यांच्या जाती ओळखतात. "म्हणजे दिवसभर नक्की करतात काय?" हा प्रश्न काकूंनाही लग्नानंतर बरीच वर्षं पडलेला होता.

काकांनी राखाडी, मळकट पतंगांची एकच प्रजाती आयुष्यभर धरून ठेवली होती. तिच्यातल्या सगळ्या जाती म्हणजे एका माळेचे मणी. पुढच्या पंखावर घेवड्याच्या दाण्यासारखा डाग, पंखाच्या मुळाशी काळी रेघ. रंगावर विसंबलं की फसगत ठरलेली. खरी ओळख पोटाच्या टोकाशी. नराकडे मादीला धरून ठेवायला दोन कडक पकडी असतात, आणि प्रत्येक जातीत त्यांची घडण वेगळी. काका मेलेल्या पतंगाचं पोट अलगद मोडून कॉस्टिकच्या कोमट पाण्यात ठेवत. मऊ भाग विरघळून जाई, कडक तेवढे उरत. ते सुईनं साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की जात कळे. कधी कधी तरीही कळत नसे.

काकू शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं आणि तुरपाई करायच्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसलेला पतंग त्यांनी वाटीखाली झाकून ठेवला आणि काका आल्यावर म्हणाल्या, "बघा, तुमच्या नात्यातला कुणी आलाय."

तो नर निघाला. त्याच्या पकडीच्या टोकाला दुभंगलेला आकडा होता, आणि तसा आकडा आजवर कुणी नोंदवला नव्हता. काकांनी आणखी नर गोळा केले, ताडून पाहिले, आणि नवी जात म्हणून प्रसिद्ध केली. तिच्या शास्त्रीय नावात त्यांनी बायकोचं नाव घातलं. आयुष्यात काकूंना त्यांनी दिलेली ही एकच अनपेक्षित भेट. दुकानात माप द्यायला येणाऱ्या बायकांना काकू हे आवर्जून सांगायच्या. "दिसायला कसा आहे?" एकीनं विचारलं. "मळकट, माझ्यासारखाच," काकू म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

पुढे काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला. दुकान सुटलं, मग जिना सुटला, शेवटी खाट आणि नाकातली नळी एवढंच उरलं. मुलगी नोकरी सांभाळून येऊन-जाऊन असायची.

त्याच सुमारास संग्रहालयात दिव्याच्या सापळ्यातला माल आला. त्यात एक जोडी होती, मीलनातच मेलेली, पोटाला पोट जोडलेली. काकांनी नर तपासला. पकडीला दुभंगलेला आकडा. मग मादीकडे वळले आणि त्यांचे हात थांबले. गडद पंख, मागचे पंख पांढरे. ही मादी त्यांच्या ओळखीची होती; पोट तपासल्यावर खात्रीही झाली. फार पूर्वी कुणा संशोधकानं एकट्या मादीवरून तिला वेगळं नाव देऊन ठेवलं होतं, आणि तिचा नर आजवर कुणालाच सापडला नव्हता. सापडत नव्हता, कारण तो काकूंच्या नावानं दुसऱ्या पेटीत होता. दोन जाती नव्हत्याच. नियम साफ होता: जुनं नाव राहणार, नवं जाणार.

मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आईला कशाला कळायला हवं? आता तिच्याजवळ राहिलंय काय?"

काकांना पटलं, पण मनातलं लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. जेवण चिवडत बसलेल्या नवऱ्याला पाहून काकूंनीच विचारलं, "काय झालंय?" त्यांनी सांगून टाकलं.

काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्ही त्या पतंगांच्या पोटात डोकं घालून बसलात. घरात असूनही नसायचात. त्यातून माझ्या वाट्याला एवढंच आलं होतं."

दोन दिवस काकू त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी उशी नीट करून घेताना म्हणाल्या, "छापायचं तर छापा. खोटं ठेवू नका. पण मी गेल्यावर."

"बरं," काका म्हणाले.

टिपण लिहून तयार होतं. ते त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं. काकूंनी थंडी काढली, उन्हाळाही काढला. आणि उन्हाळा सरता सरता दुसऱ्याच कुठल्या संस्थेतल्या एका तरुण संशोधकानं हेच छापलं. त्याच्या हातीही जोडी लागली होती. नव्या नावाच्या लेखकानं, म्हणजे काकांनी, मादीचा शोध घेण्याची तसदी घेतली नाही, असं एक वाक्य त्यानं जाता जाता लिहिलं होतं.

संग्रहालयाच्या प्रमुखबाईंनी तो अंक काकांपुढे ठेवला. "तुमच्या नजरेतून हे कसं सुटलं?"

"सुटलं खरं," काका म्हणाले.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "छापलं नाहीत ना अजून?"

"नाही," काका म्हणाले. ते खरंच होतं. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. दारात उभ्या असलेल्या मुलीला त्या अंकाचं ठाऊक होतं; ती खाली मान घालून आत गेली.

पाऊस लागल्यावर काकू गेल्या. भेटायला आलेल्या बायका पतंगाबद्दल काही ना काही बोलायच्या, काका नुसते ऐकून घ्यायचे.

कामावर परतले तेव्हा ती पेटी तशीच होती. प्रमुखबाई म्हणाल्या, "राहू द्या, चिठ्ठ्या दुसरं कुणी बदलेल." काकांनी ऐकलं नाही. एकेक पतंग काढून त्यांनी जुन्या नावाखाली, मादीशेजारी लावला. खिडकीवरचा तो पहिला नर शेवटी उचलला. त्याच्या पंखाचं टोक टाचणी काढताना तुटलं. त्यांनी ते चिमट्यानं उचलून डिंकाच्या थेंबानं चिकटवलं, पण ते किंचित वाकडंच बसलं.

सुटी झाल्यावर ते नेहमीच्या वाटेनं घरी निघाले. दार उघडून आत गेले, दिवा न लावताच खाटेच्या कडेवर बसले, आणि मुलीचा फोन वाजत राहिला तरी बराच वेळ उठले नाहीत.