अण्णांचा कारखाना बघायला आलेली माणसं

पत्रा कापला की कात्रण उरतंच. कोपऱ्यात सरकवलं की कुणी बघत नाही, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या गाळ्यातल्या गोष्टींचं तसंच झालंय. अण्णा होते तोवर त्या कुणी सांगत बसत नव्हतं. आता चहाला बसलं की त्याच निघतात, आणि हसता हसता कुणीतरी उठून बाहेर जातं.

काशीमिऱ्याला हायवेच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा. हाताने स्पोर्ट्स कार बनवतो! चेसिस, बॉडी, सीट, सगळं इथेच. अण्णा मालक, मोरवा गावचे, बापजादे मिठागरवाले. लतीफभाई डेंटर, पत्रा ठोकून आकार देणारे. मी सुमन, पेणकरपाड्याहून येते, सीट शिवते.

मागच्या भिंतीला एक लाल गाडी स्टँडवर उभी असायची. ती अण्णांची स्वतःची. ती कधी पुरी व्हायचीच नाही, कारण गिऱ्हाइकाला घाई असली की अण्णा हिचाच पार्ट काढून द्यायचे. एकदा तरी ती आपल्या हाताने रस्त्यावर काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

*

एकदा इंजिनीअरिंग कॉलेजची मुलं कारखाना बघायला आली. सगळी गाळ्याच्या दारातच घोळका करून उभी. त्यांच्या सरांनी अण्णांनाच विचारलं, "फॅक्टरी कुठेय?"

"सर, तुमचा एक पाय फॅक्टरीन हाय!"

सरांनी आत डोकावलं. एक गाडी, एक शिलाई मशीन, भिंतीला हातोड्या. जरा चाचरतच म्हणाले, "आणि असेंब्ली लाइन?"

समोरच्या टपरीवरून लतीफभाई, वेल्डर आणि पेंटर एकामागोमाग रस्ता ओलांडत होते. अण्णांनी बोट दाखवलं, "ती काय, चाय पिऊन येतेय!"

*

केतनशेठ म्हणून एक गिऱ्हाईक. गाडी न्यायला आले ते खिशात मेजर टेप घेऊन. इथे मोज, तिथे मोज. शेवटी ओरडले, "अण्णा, डावा मडगार्ड उजव्यापेक्षा मोठा छे!"

लतीफभाईंचा चेहरा पडला. हाताचं काम, केसभर इकडेतिकडे होणारच. अण्णा शांतपणे म्हणाले, "शेट, आरशान बगून तुमचं दोनी कान मोजा. सेम निघालं तर गारी फुकट!"

शेठ खरंच गाडीच्या आरशात वाकून कानाला टेप लावायला लागले. मग टेप खिशात घातली आणि मुकाट्याने चावी मागितली.

*

गाडी निघाली की अण्णांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, तिची ओटी भरायची आणि सीटखाली चिमूटभर मीठ टाकायचं. मिठागर कधीच गेलं, पण रीत राहिली. मीठ म्हणजे पत्र्याचा वैरी, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक. पण वहिनींना सांगणार कोण!

एका पावसाळ्यानंतर पुण्याचे एक साहेब तणतणत आले. सीटखाली गंज धरला होता. आमचं काम कुठे कच्चं आहे ते बघायला ते सगळा गाळा फिरले, पण कारण काही सापडेना. लतीफभाई खाली मान घालून म्हणाले, "भाभी का आशीर्वाद है साहब, जरा जास्ती लग गया."

तेव्हापासून मीठ प्लास्टिकच्या पुडीत जायला लागलं. बंद मात्र झालं नाही.

*

"डिलिव्हरी कधी?" असं विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "दिवाळीला." कुठल्या दिवाळीला, ते कधी सांगायचे नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "दिवाळीपर्यंत धरून चाला."

अण्णा म्हणाले, "डॉक्टर, आमी पन गिऱ्हाइकाला असंच सांगतो. कुठली दिवाली?"

डॉक्टर हसले नाहीत. हा किस्सा अण्णांनी स्वतः गाळ्यात येऊन सांगितला, अगदी रंगवून. आम्हीही हसलो. मग मी मशीनवर जाऊन बसले आणि काही केल्या सुईत दोरा जाईना. रडू येण्याआधी मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

*

अण्णा हॉस्पिटलात होते तेव्हा आम्ही लाल गाडी स्टँडवरून उतरवली. ठरवलं, आता हीच पुरी करायची. पण स्टीअरिंग नव्हतं. ते केतनशेठच्या गाडीला गेलेलं. तसंच दुसरं कुठे मिळेल, एवढंच विचारायला लतीफभाईंनी त्यांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ रिक्षातून उतरले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं स्टीअरिंग!

मी म्हटलं, "अहो शेठ, आणि तुमची गाडी?"

"पार्किंगमध्ये उभी छे, बेन. आता चोर पण नाय नेणार!" असं म्हणून ते हसले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

*

सीटचं माप घ्यायची आमची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाला ओल्या भुशाच्या गोणीवर बसवायचं. जो खळगा पडेल तसा फोम कापायचा. अण्णांना बसवणार कसं? त्यांच्यापासून तर लपवायचं होतं. मग मी त्यांच्या ऑफिसातल्या खुर्चीवरून माप घेतलं. इतकी वर्षं बसून बसून तिला त्यांचा आकारच आला होता.

अण्णांना हॉस्पिटलातून गाळ्यात आणलं. गाडी बघून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. लतीफभाईंनी उचलून सीटवर बसवलं. दोन्ही बाजूंनी मूठ मूठ जागा रिकामी! मी आजारापूर्वीच्या अण्णांची सीट शिवली होती.

"अण्णा, उसवते. उद्या फिट करून देते."

"नको गो," ते म्हणाले. "उद्या आनखी सैल होल."

वहिनींनी आपली शाल घडी करून एका बाजूला खोचली. दुसऱ्या बाजूला लतीफभाईंनी अंगातला शर्ट काढून खोचला. अण्णांनी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं! पण क्लच काही दबेना. पायात जोरच नव्हता. दोनदा दाबून बघितलं. मग त्यांनीच इंजिन बंद केलं आणि आमच्याकडे बघितलं.

आम्ही मागे गेलो आणि ढकलायला लागलो. मी, वहिनी, बनियनवरचे लतीफभाई, सगळे. गल्ली संपली आणि गाडी सर्व्हिस रोडला लागली. अण्णांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोर.

एका रिक्षावाल्याने बघितलं. रिक्षा बाजूला लावून पळत आला आणि मागून खांदा लावला. धापा टाकत ओरडला, "काका, कुठल्या गॅरेजला न्यायचीय?"

अण्णांनी मागे वळून बघितलं नाही.

"गॅरेज मागं ऱ्हायला रं. तू पुढं ढकल."