प्रतिसादक उपलब्ध नाही

माझ्या बायकोच्या काकांनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती ऐकून खरी मानलेली नाही. आभाळ भरून आलंय असं कोणी म्हणालं तरी ते उठून अंगणात जातात, मान वर करून बघतात आणि मगच "हो, आहे खरं" अशी पोच देतात. अकोल्याच्या एका कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोणी आकडा उच्चारला की त्यांचे कान अजून टवकारतात. मी त्यांना काकाजी म्हणतो आणि ते मला जवाईबुवा म्हणतात. वऱ्हाडात या दोन शब्दांत जेवढा आदर आणि जेवढी थट्टा मावते, तेवढी आम्ही दोघंही पुरेपूर वापरतो.

माझ्या लग्नाआधी मुलाची चौकशी करायचं काम त्यांच्याकडे होतं. ते अमरावतीला आले, मला न भेटता माझ्या घरमालकाला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला आणि वाचनालयातल्या कारकुनाला भेटले, आणि थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांना, एका फुलस्केप कागदावर अहवाल दिला : "मुलगा बरा दिसतो. पण सांगणारे तिघेही त्याच्या ओळखीचे. नमुना लहान आहे. निष्कर्ष जपून घ्यावा." सासरे भातकुली तालुक्यात शेती करायचे. मोठा, मोकळा, हसरा माणूस. तो कागद वाचून ते इतके हसले की त्या हसण्यातच त्यांनी सोयरीक पक्की करून टाकली. लग्नात कोणीतरी "हजार पानं उठली" म्हणालं, तर काकाजी मंडपामागे जाऊन पत्रावळींच्या ढिगाशी उभे राहिले आणि हात धुवून परत आल्यावर आकडा बराच खाली आणला. एसटी स्टँडवर अचलपूरची गाडी कधी आहे हे ते तिघांना विचारतात. तिघांनी वेगवेगळं सांगितलं तर म्हणतात, "कोणालेच माहीत नाही." तिघांनी सारखं सांगितलं तर म्हणतात, "एकानं सांगतलं, दोघायनं आयकलं." डॉक्टरनं रक्तदाब सांगितला की ते शांतपणे दुसरा दंड पुढे करतात. काकू एकदा वैतागून मला म्हणाल्या, "चहात साखर टाकली म्हणलं, तरी हा माणूस अगोदर चमचा फिरवून पाह्यते. चाळीस वर्सं झाले, माह्यावर एकडाव भरोसा नाही ठेवला!" काकाजी चमचा फिरवत म्हणाले, "भरोसा आहे. तपासून पाह्यला म्हून आहे."

अशा माणसाला एका परदेशी विकास संस्थेनं कामावर घ्यावं, हे कधीतरी होणारच होतं. या संस्थेनं जगभर बरीच संशोधनं करवली होती, आणि त्या संशोधनांचा दर्जा कसा होता हे आता तिला तपासून हवं होतं. या तपासणीच्या प्रमुख दिल्लीच्या एक बाई होत्या. आमच्या भागातलं एक संशोधन काकाजींच्या वाट्याला आलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून अनुवादक म्हणून माझी वर्णी लागली. काकाजींना इंग्रजी येत होतं, पण ते म्हणाले, "खरं-खोटं मले मराठीतच समजते."

संशोधन होतं खारपाणपट्ट्याचं. पूर्णेच्या काठानं अकोला-अमरावतीच्या शिवारात जमिनीखालचं पाणी खारट आहे. पिढ्यान् पिढ्या लोक तेच प्यायले, आणि किडनीच्या आजारानं गावंच्या गावं पोखरली गेली. काही गावांत पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं होतं. गावात त्याला आरो म्हणतात. यंत्र बसल्यावर एकदा आणि काही वर्षांनी पुन्हा, अशी घरोघर पाहणी झाली होती. निष्कर्ष असा की आरोचं पाणी पिणाऱ्या घरांत किडनीचे रोगी झपाट्यानं कमी झाले. त्यावरून शिफारस अशी की यंत्र पुरेसं आहे, तपासणीची शिबिरं बंद केली तरी चालेल. त्याप्रमाणे ती बंदही झाली होती. अहवाल गुळगुळीत कागदावर होता आणि मुखपृष्ठावर नळाखाली ओंजळ धरून हसणारी मुलगी होती.

दर्जा तपासायचा म्हणजे एक तक्ता भरायचा. प्रश्न स्पष्ट आहे का, पद्धत योग्य आहे का, संदर्भ दिले आहेत का, निष्कर्षांचा वापर झाला का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. बाकीच्या तपासनीसांनी अहवाल वाचले आणि तक्ते भरून मोकळे झाले. काकाजींनी अहवाल मिटून ठेवला आणि मूळ फॉर्म मागितले. असं कोणी मागत नाही, असं कळवण्यात आलं. त्यांनी पुन्हा मागितले. दर सोमवारी मी त्यांचं तेच पत्र नव्या तारखेनं इंग्रजीत पाठवत होतो. शेवटी कंटाळून कोणीतरी खोकी धाडली.

फॉर्मवर माणसांची नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. सोबत गावांची आणि घरांची यादी होती. काकाजी दोन दिवस ते चाळत बसले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला. "जवाईबुवा, यंत्राच्या गावातले पहिल्या फेरीतले आजारी लोकं दुसऱ्या फेरीत दिसून नाही राहिले."

"बरे झाले असतील."

"बरे झाले तर तसं लिहतीन. इथं लिवलं आहे, 'प्रतिसादक उपलब्ध नाही'. आता उपलब्ध नाही म्हंजे कुठी गेले? पुण्याले गेले का वरते गेले?"

ज्याला प्रश्न विचारायचे तो माणूस म्हणजे प्रतिसादक. तो सापडला नाही की ते घर यादीतून गळायचं. गळालेली सर्वांत जास्त घरं एकाच गावात होती, सात. गावाचं नाव त्यांनी फोनवर सांगितलं नाही. "उद्या मूर्तिजापूरवरून येतो. स्टँडवर थांबा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी भातकुलीच्या गाडीत बसल्यावर मला कळलं, आम्ही माझ्या सासुरवाडीला चाललो होतो.

पहिल्या घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं बोट आभाळाकडे केलं आणि पुन्हा विडी ओढू लागला. दुसऱ्या घरात एक बाई तूर निवडत होत्या. काकाजींनी विचारलं, पाहणीवाले दुसऱ्यांदा आले होते का?

"आलते ना. हातात ते टॅब होते. म्हणे, घरधनी आहेत का? म्या म्हणलं, नाहीत. म्हणे, बरं. अन् गेले."

"नाहीत म्हंजे काय, ते त्यायनं इचारलं नाही?"

"नाही जी." सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "इचारलं असतं तर सांगतलं असतं. डायलिसिसले अकोल्याले नेत होतो, आठवड्यातून दोनदा. शेवटी तेच म्हणले, आता पुरे."

तिसऱ्या घरीही तेच. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरीही. घरधनी आहेत का? नाहीत. कुणी खोटं बोललं नव्हतं. विचारणाऱ्यानं खरं विचारलं, सांगणाऱ्यानं खरं सांगितलं, आणि एका 'नाहीत'च्या फटीतून अख्खी माणसं संशोधनाबाहेर पडली होती. मेलेले रोगी मोजणीतून गेले, उरलेले निरोगी होते, आणि अहवाल म्हणत होता की रोग कमी झाला. सहाव्या घरातून निघाल्यावर काकाजी रस्त्यातच थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग आम्ही सातव्या घराकडे वळलो.

सातवं घर माझ्या सासऱ्यांचं होतं. सासूबाई दारात आल्या, आम्हा दोघांना न सांगता आलेलं पाहून चरकल्या. काकाजी ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही, वही उघडली आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "दुसऱ्या पाहणीच्या वेळी घरातले कर्ते पुरुष कुठी होते?"

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. "भाऊजी, असं काय इचारून राहिले? तुमीच तर खांदा देला होता."

"वहिनी, साऱ्यायले इचारलं. तुमालेबी इचारावं लागते."

त्यांनी माझ्यावरची नजर काढून वहीकडे वळवली. मग पदर सावरून म्हणाल्या, "लिहा. ते त्याच्या अगोदरच्या उन्हाळ्यात गेले. किडनीनं. आरोचं पाणी आलं तवा लय उशीर झालता." काकाजींनी तसंच्या तसं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली आणि उठून मागच्या परसात गेले. मी मागे जाणार होतो. सासूबाईंनी मान हलवून मला थांबवलं.

भरलेल्या तक्त्याला त्यांनी एक पान जोडलं. स्वच्छ, कोरडं, एकही विशेषण नसलेलं. सात घरं, प्रत्येक घराला काय विचारलं, काय सांगितलं. निष्कर्ष टिकत नाही, शिबिरं पुन्हा सुरू करावीत. आणि शेवटी एक ओळ : "यांतील सातवे घर माझ्या सख्ख्या भावाचे आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे."

मी म्हणालो, "काकाजी, ही ओळ काढा. याच ओळीवर ते सगळं पान फेकून देतील."

"दुसऱ्या कोणी हे लपवलं असतं, तर म्या त्याले सोडलं असतं का?"

अनुवाद माझ्या हातात होता. ती ओळ इंग्रजीत न घेणं मला सहज शक्य होतं, आणि पाठवायचं बटण दाबण्याआधी मी तिच्यावर दोनदा बोट ठेवलं होतं. शेवटी आहे तशी पाठवली. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिल्लीच्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. पडद्यावर त्यांनी हातसुद्धा जोडले. सरांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण तपासनीसाचा वैयक्तिक संबंध असल्यामुळे हे पान विचारात घेता येत नाही. काकाजी म्हणाले, मग दुसऱ्या कुणाला पाठवा, सातच घरं आहेत, एका दिवसाचं काम. मुदत संपली होती. संशोधनाला 'उत्तम' असा शेरा मिळाला. पडदा बंद झाल्यावर मी संस्थेच्या नावानं बरंच बोललो. काकाजी मात्र एवढंच म्हणाले, "नियम बरोबर आहे, जवाईबुवा. नियम तसाच पाह्यजे." त्यांना इतकी वर्षं प्रत्येक आकड्यावर हुज्जत घालताना पाहिलेला मी, त्या दिवशी त्यांनी चिडावं म्हणून अक्षरशः वाट पाहत होतो.

काही महिन्यांनी, पोळा होऊन गेल्यावर, ते मला घेऊन पुन्हा गावात गेले. लोकांनी माहिती दिली होती, त्याचं काय झालं ते त्यांना सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. तूर निवडणाऱ्या बाईंच्या ओसरीवर चार-पाच बायका जमल्या, सासूबाईही आल्या. काकाजींनी ते पान वाचून दाखवलं आणि ते कुणी घेतलं नाही हेही सांगितलं. एका बकरीनं दारातला पाला ओढला, तिला कुणी हाकललं नाही. मग त्या बाईंनी विचारलं, "सर, माह्या नवऱ्याचं नाव आहे का त्याच्यात?"

"नाव घेत नाही बाई. नंबर राह्यते. तसा नियम आहे."

"पण कागद तर त्यायनं घेतलाच नाही म्हणता."

"नाही."

"मंग आता लिहा ना."

काकाजी कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पान मांडीवर ठेवलं, आणि त्या बाईंच्या घराच्या क्रमांकापुढे नाव लिहिलं. वडिलांचं नाव विचारलं, तेही लिहिलं. एकेक बाई सांगत होती आणि ते प्रत्येक नाव लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून बरोबर आहे का विचारत होते. कुलूप लावलेल्या घराचं नाव त्या विडीवाल्या म्हाताऱ्याला बोलावून विचारलं. सहा नावं झाली. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या.

सातव्या ओळीपाशी पेन थांबलं. काकाजींनी पान उचललं आणि पेनासकट माझ्यापुढे धरलं.

"हे तुमी लिहा, जवाईबुवा," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी सासऱ्यांचं नाव लिहिलं. काकाजींनी कागद हातात घेतला, घडी घातली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, मी काय लिहिलं ते न पाहता खिशात ठेवला.