बिनआवाजाची चार मिनिटं

गोपाल शूटिंगवाल्याला ओळखत नाही असं घर समुद्रपुरात शोधूनही सापडायचं नाही. वीस वर्षं तो लग्नाचे व्हिडिओ करत आला. पाठवणीला नवरीच्या डोळ्यात टिपूस नसलं तरी त्याला फिकीर नसायची. सनईचा करुण सूर लावायचा, चित्राची चाल हळू करायची, की अख्खं घर पदर डोळ्याला लावायचं. लोकांना कुठे रडायचं आणि कुठे घाबरायचं हे आपण शिकवलं, असं तो चारचौघांत मिरवायचा. तीच विद्या त्याच्या घरावर उलटली.

त्याचा धाकटा भाऊ अनुप बालवाडीची व्हॅन चालवतो. एका सकाळी एक पोरगी व्हॅनमधून उतरून थेट रस्त्यावर धावली. समोरून एसटी बस येत होती. अनुपने तिला दंडाला धरून मागे ओढलं, तशी ती किंचाळली. कोणीतरी मोबाईलवर घेतलेले तेवढेच बारा सेकंद गावभर फिरले. त्यातून बस कापून टाकलेली, रंग काळपट, चाल हळू, मागे धडधड. भुताच्या सिनेमात हडळ यायच्या आधी वाजते तीच. पोरं पळवणारा आहे, म्हणाले लोक. आठवड्यात व्हॅन रिकामी झाली. पोरगी एवढीशी, काही विचारलं की नुसती रडायची. अनुपने अन्न सोडलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

हातापाया पडून गोपालने समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातली पूर्ण चार मिनिटं मिळवली आणि गावातल्या बुद्धविहारात पालकांना दाखवली. आवाज नाही, सगळं लांबून, एकाच जागेवरून. लोक जांभया देऊ लागले. कडेने बस आली. गोपालने बोट दाखवेपर्यंत गेलीही. यात काहीच नाही, म्हणत सगळे उठले.

गोपालचा धीर सुटला. त्याने तीच चार मिनिटं कापायला घेतली. बस मोठी केली, पोरीची पावलं जवळून, मग अनुपचा हात, शेवटी बासरी. खोटं एकही चित्र घातलं नाही. लोकांना पुन्हा बोलावलं. बस येताच विहारात सगळ्यांचा श्वास अडकला. पोरीची आजी शोभाबाई तर हुंदके देऊन रडली. सुटलो एकदाचे, असं गोपालला वाटलं. अनुपही दाराशी येऊन उभा होता.

शोभाबाई डोळे पुसत गोपालजवळ आली.

"लय मस्त बनवला, भाऊ. मले त रडूच आलं," ती म्हणाली. "आमच्या काजलच्या लग्नाच्या व्हिडिओत तुमी बर्फाचे पहाड टाकले होते. आता हे बस कुठून आनली?"

गोपालने दाराकडे पाहिलं. अनुप निघून गेला होता.