महिना अक्षरात लिहा

"आकडा खोटा बोलतोय, साहेब. मी सही करणार नाही."

"आकडा यंत्राने काढलाय, बाई. तुम्ही यंत्रापेक्षा शहाण्या?"

"यंत्रात घालाल तेच ते दळतं."

हे भांडण मी काचेच्या दाराबाहेर उभी राहून ऐकलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. धुतलेल्या टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून मी श्वाससुद्धा हळू घेत होते. सही नाकारणाऱ्या बाई म्हणजे माझ्या धाकट्या नणंद, आमच्या वन्सं. इस्पितळाच्या धुलाईघरात मी खाली इस्त्रीवर, त्या वर हिशेबाच्या टेबलावर. अंगाने काटकुळ्या आणि बोलणं टोचणारं, म्हणून बायांनी त्यांना टाचणी नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, "टाचणी आहे म्हणून तुमचे कागद एका जागी आहेत."

आमच्या पगारातून दरमहा कापून एक निधी साठला होता. जूनअखेर अकरा जणी घरी बसणार होत्या, त्यात मीही. एक जुलैला प्रत्येकीचे पैसे हातात द्यायचं ठरलेलं. माझ्या पैशांतून यांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.

साहेबांना तो निधी बँकेतून मोडून एका रोख्यात घालायचा होता. शंभराचा रोखा शहाण्णवला. मधे व्याज नाही, मुदत भरली की शंभर हातात. दलालाचा फोन तीनला यायचा होता. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

संगणकाच्या तक्त्यात यासाठी एक सूत्र असतं. वन्सं ते पन्नाशी उलटल्यावर शिकल्या आणि मटार सोलता सोलता मलाही शिकवायला बसल्या. मटार सगळे सोलून झाले, सूत्र अर्धंच कळलं. त्याला सांगायचं, रोखा कधी घेतला, मुदत कधी संपते, किती दिले, किती मिळणार. वर्षाला किती टक्के सुटतात ते सूत्र सांगतं. साहेबांना त्याने सांगितलं पावणेतेरा. बँक देत होती सात. साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं.

वन्संनी मात्र बोटांची पेरं मोजली. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, नऊ पेरं.

"नऊ महिन्यांत चार सुटतात. मग बारा महिन्यांत पाच, फार तर पावणेसहा. पावणेतेरा आले कुठून? रोख्यावर मुदत सहा नोव्हेंबर आहे. तुम्ही काय टाकलंत?"

"सहा, अकरा. तेच ना?"

"हे यंत्र आधी महिना वाचतं, मग दिवस. त्याने जूनची अकरा धरली. पैसे लवकर येतात असं वाटून टक्का फुगलाय. खरे येणार नोव्हेंबरात. जुलैत बायांना काय देऊ, टॉवेल?"

साहेबांचा आवाज खाली आला. मला तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट वाटला. "नोकरीचे सात महिने उरलेत तुमचे. नीट जाऊ द्या की. सही करा."

वन्संनी पेनाला टोपण लावलं. तो 'टक्' मला बाहेर ऐकू आला.

"वहिनी, दिसताय मला. आत या. पैसे कधी लागणार तुम्हाला?"

मी गठ्ठा घेऊनच आत गेले. "एक जुलैला. पाच तारखेला यांचा डोळा."

"नोव्हेंबरात केला तर?"

"डॉक्टर म्हणाले, तोवर डोळा राहायचा नाही."

फोन वाजला. साहेबांचा हात तिकडे गेला.

"एकदाच, साहेब. त्या खान्यात महिना अक्षरात लिहा. माझं चुकलं तर मुकाट सही करते."

फोन वाजतच होता. साहेबांनी रागारागाने बटणं बडवली. मी चौथीपर्यंतची, पण आकडे मला कळतात. पडद्यावर पावणेतेरा होते, तिथे पाच पूर्णांक सत्तर आले.

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. साहेबांनी तो उचलला. "आज नको. मुदत जमत नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वन्संच्या टेबलावरचा पंखा दुसऱ्या खोलीत गेला. "उकडतंय," म्हणाल्या, "पण आकडे शिजले नाहीत." साहेबांनी आभार मानले नाहीत आणि वन्संनी वाट पाहिली नाही.

एक जुलैला अकराही जणींना पैसे मिळाले. यांनी त्या डोळ्याने पुढे अकरा वर्षं पेपर वाचला आणि बहिणीने सोडवलेल्या शब्दकोड्यात चुका काढल्या.

माझी बँकेतली ठेव तेव्हापासून वन्संच बघायच्या. पावतीवर महिना अक्षरात लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायच्या नाहीत. मागची रांग चुळबुळली की म्हणायच्या, "डोळ्याचा प्रश्न आहे." कोणाच्या, ते सांगत नसत.

गेल्या थंडीत त्या गेल्या. त्याआधीच्या मंगळवारी ठेवीची मुदत भरली होती. सकाळीच बँकेत जाऊन ती पुन्हा ठेवून आल्या, दम लागलेला, खुर्चीत टेकल्यासुद्धा नाहीत. पावती साखरेच्या डब्याखाली सरकवली.

"वहिनी, महिना वाचा."

मी बोट ठेवून वाचलं. "ऑ-ग-स्ट."

"बरोबर," म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.