लोम्बेच्या सामन्याची बातमी

लुआन्श्याच्या बाजारात लोम्बे कासुबाचा कोंबड्यांचा गाळा होता, आणि गावच्या बायकांच्या फुटबॉल संघाची ती अकरा वर्षं गोलकीपर होती. एवढ्या वर्षांत पेपरात तिचं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं. पुरुषांच्या संघातल्या कुणाचा घोटा मुरगळला, तर मात्र चार कॉलम भरायचे.

मग चषकाच्या उपांत्य सामन्यात तिनं दोन पेनल्टी अडवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच क्रीडा वार्ताहर सिचोने दारात उभा.

"बाना चिसेंगा," तो म्हणाला. चिसेंगाची आई. सगळा गाव तिला मुलाच्या नावानंच हाक मारायचा. "एवढे जोरातले फटके अडवता, नवरा घाबरत असेल की घरात!"

लोम्बे हसली. "ते राहू दे रे. दुसरी पेनल्टी मी कशी ओळखली, सांगू? त्या पोरीनं धावत येतानाच डावा खांदा पाडला होता..."

"सांगा ना, सांगा. पण आधी जरा चुलीपाशी बसता? न्शिमाची उकड ढवळतानाचा फोटो हवाय."

ती बसली. आपली बातमी येणार, याच आनंदात होती. छापून आलं ते असं: 'गोलही राखते, चूलही राखते.' खांद्याबद्दल अवाक्षर नाही.

अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी तिचा नवरा चोला घर सोडून सोल्वेझीला दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. लोम्बेनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण बाजारात गोष्टी लपत नाहीत. सामना एक-शून्यनं गेला. चेंडू तिच्याच संघातल्या मुलीच्या गुडघ्याला लागून फिरला होता. तो कुणाच्या बापाला अडवता आला नसता. पेपरानं मथळा दिला: 'घरही गेलं, चषकही गेला.' चोलाचा फोटो हातभर, सामन्याच्या दोन ओळी.

रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. प्रशिक्षक म्हणाला, "थोडे दिवस बाहेर बस. लोक नको नको ते बोलतायत."

"गोल माझ्या चुकीनं झाला का?"

"नाही गं."

"मग?"

तो बुटाची नाडी बांधत राहिला.

लोम्बे अंक घेऊन तडक पेपरच्या कचेरीत गेली. संपादकांनी चष्मा वर केला. "बाना चिसेंगा, तुमच्या उड्यांसाठी पेपर कुणी घेत नाही. तुमच्या नवऱ्यासाठी अंक दुपारीच संपला."

ती बाहेर पडली तसा सिचोने मागून धावत आला. "ताई, मी सामन्यावर चारशे शब्द लिहिले होते, शपथ! वरच्यांनी कापले."

"दाखव."

त्यानं आत जाऊन खणातून कागद आणले. तिनं उभ्यानंच वाचले. त्यात गुडघा होता, मिनिट होतं, तिनं आधी अडवलेले तिन्ही फटके होते. इतक्या बारकाईनं तिचा खेळ आजवर कुणी पाहिला नव्हता. तिनं पुन्हा एकदा वाचलं.

"एवढं सगळं दिसलं तुला. आणि चोलाचंही तूच लिहिलंस?"

सिचोनेनं मान खाली घातली. "नोकरी आहे, ताई."

"माझाही धंदाच आहे. मेलेली कोंबडी मी जिवंत म्हणून विकत नाही."

तो कागद तिच्या हातात कोंबायला लागला. "न्या तुम्ही."

"घरी नेऊन काय करू? गावानं वाचायचं होतं ते."

पुढच्या मोसमात गोलमध्ये वीस वर्षांची कालेंगा उभी राहिली. पहिला सामना जिंकल्यावर सिचोने वही काढून तिच्याकडे गेला. "लग्नाचं काय मग? कुणी हेरलाय का?"

पोरगी खुदकन हसली आणि फोटोसाठी केस सारखे करायला लागली.

राखीव खेळाडूंच्या बाकावरून लोम्बे उठली. हिला सांगावं, असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नकोस म्हणावं, असं तिला वाटलं. पण पोरीचा चेहरा केवढा उजळला होता. लोम्बेनं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या आणि ती आत निघून गेली.

मोसम संपायच्या आत तिनं संघ सोडला. का, ते विचारायला एकही वार्ताहर फिरकला नाही.