अनुराधापूरला सुटलेली बस

लकवा झाल्यापासून माझ्या मिस्टरांचे बोलणे अडखळते. उटनूरच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेला माणूस, पण आता एक वाक्य पुरे करायला इतका वेळ लागतो, की समोरचा मान हलवून निघून जातो. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणणेही त्यांनी सोडून दिले होते. अशा माणसाला श्रीलंकेच्या यात्रेला न्यावे का, याची मला शंका होती. पण अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायचाच, हा त्यांचा हट्ट होता.

तिथे उतरल्यापासून मी चिडलेलीच होते. त्या देशात कुणाला घाईच नाही. चहा सांगितला की हॉटेलवाली हसून आत जाई, ती बाहेर यायचे नाव घेत नसे. आमच्या बसचा तिथला ड्रायव्हर रस्त्याकडेच्या बुद्धमूर्ती दिसल्या की बस उभी करी, उतरून हात जोडी आणि सावकाश परत येई. काही विचारले की एकच उत्तर, 'हेमिन, हेमिन.' म्हणजे हळूहळू. तो शब्द ऐकला की माझे डोके उठे. ड्रायव्हरच्या अशा थांबण्यामुळे उशीर होई, आणि मग आम्हाला नेणारे नागपूरकडचे गृहस्थ आमच्यावर ओरडत.

अनुराधापूरला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. बोधिवृक्षाभोवतीच्या वाळूत मिस्टर हात जोडून बसले. 'बुद्धं' म्हटले आणि पुढे अडले. तेवढ्यात आम्हाला नेणाऱ्या गृहस्थांनी बसचा हॉर्न वाजवायला लावला.

"चाला ना आता, बस सुटून राह्यली," मी त्यांचा दंड धरला.

"थांब."

"किती थांबू? लोक आपल्यासाठी काऊन थांबतीन?"

शेजारी पांढऱ्या कपड्यांतली एक म्हातारी बसली होती. तिला आमची भाषा येत नव्हती. ती मिस्टरांकडे वळली, संथ सुरात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणाली आणि गप्प राहिली. शब्द तेच, आमचेच. मिस्टर 'स'वर अडकले. मी सवयीने शब्द पुरवायला गेले, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने मानही हलवली नाही, नुसती वाट पाहिली. मी आतून जळत होते. पण ओळ पुरी झाली. मग तिने पुढची म्हटली. बस गेल्याचा आवाज आला तेव्हा मला संतापाने रडू फुटले, आणि मिस्टर मात्र म्हणतच राहिले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्रिसरण आणि पंचशील अख्खे म्हटले.

म्हातारीने मुलाची रिक्षा बोलावून आम्हाला मुक्कामावर पोचवले. तोही वाटेत मूर्तीपाशी थांबला, आणि मी पुन्हा चिडले. त्या गडबडीत तिचे नाव विचारायचे राहून गेले.

मिस्टरांना ते सगळे म्हणता आले, हा योगायोग होता की आणखी काही, याचा वाद मी घालत नाही. घाई माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. पण शरण जायचे तर आधी थांबावे लागते, एवढे त्या बाईने मला दाखवले, आणि त्यासाठी मी तिची कायमची ऋणी आहे.

त्या संध्याकाळी खोलीत मिस्टर काहीतरी बोलू लागले. पाणी हवे असेल, गोळी हवी असेल, असे माझ्या ओठांवर आले होते. मी बोलले नाही. बऱ्याच वेळाने शब्द आले.

"तू... लय... थकली."

मी त्यांच्याजवळ बसले.